मोहाखाली अंथरलेल्या साड्या

मोहाचं फूल पडतं तेव्हा आवाज होतो, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, फळ्यावर फुलांचे उभे छेद काढून काढून बोटं पांढरी केली, पण फूल पडल्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. आमच्या मालवणकडे बकुळ पडते ती चोरपावलांनी. मोह तसा नाही. टप्. मग थोडं थांबून टप्, टप्. वाळल्या पानावर पडलं तर वेगळा आवाज, ताणून अंथरलेल्या साडीवर पडलं तर वेगळा. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी यवतमाळ जिल्ह्यात, मुकुटबनच्या अलीकडच्या एका गावात मी आठवडाभर राहून आले, आणि तेव्हापासून घरातला नळ टपटपला तरी क्षणभर तिकडे जाते. नळ दुरुस्त करायचं मी त्यासाठीच लांबवते आहे असं सून म्हणते. तिचं अगदीच खोटं नाही.

बोलावणं प्रदीप सरांचं होतं. तिथल्या माध्यमिक शाळेत ते विज्ञान शिकवतात. एका शिक्षक शिबिरात आमची ओळख झाली. आपल्याकडे शालेय प्रयोग म्हणजे बापाने रात्री जागून केलेला थर्माकोलचा ज्वालामुखी, अशी माझी तिथे कुरकुर चालली होती. त्यावर हा तरुण शांतपणे म्हणाला, "आमच्याकडं येऊन पाहा मॅडम. पोरं सोताचा प्रश्न घेऊन बसले हायेत." पुढे फोन आला की मुलं ते संशोधन यवतमाळच्या विद्यार्थी मेळाव्यात मांडणार आहेत, त्याआधी कुणी तरी ते तपासून द्यावं. मुलगा म्हणाला, विदर्भात, आणि या दिवसांत? मी हट्टी आहे. त्याचं वाक्य संपायच्या आत पिशवी भरली.

गाव

प्रवास झाला, एवढंच सांगते. उतरले तेव्हा उन्हं कलली होती. शेतांतल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, काळी माती भेगाळून पडलेली, आणि पलीकडे सागाचं जंगल एकही पान अंगावर न ठेवता उभं. आमच्या हिरव्यागार डोळ्यांना हे सगळं आधी आजारी वाटलं. मग वारा आला आणि त्याच्याबरोबर एक वास. थोडा काकवीसारखा, थोडा आंबूस, थोडा लहान बाळाच्या मानेचा. मी सरांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, "मोह फुलला ना." त्या वासाने मला जी एक गुंगी आली ती आठवडाभर उतरली नाही. ताजी फुलं हुंगून नशा येत नाही हे मला पुस्तकातून पक्कं ठाऊक आहे. तरी आली.

माझी राहायची सोय रोशनीच्या घरी होती. रोशनी नववीतली. बारीक, उंच, बोलण्याआधी खालचा ओठ दातांत धरणारी. प्रयोग तिच्या प्रश्नावरून सुरू झालेला. तिच्या वडिलांच्या शेताच्या बांधावर मोहाची चार झाडं आहेत. फुलं पडायला लागण्याआधी झाडाखालचा पालापाचोळा जाळायची तिथे पद्धत आहे, म्हणजे काळ्या जमिनीवर पांढरी फुलं लांबून दिसतात आणि वेचायला सोपी जातात. आमच्याकडेही भातरोपांसाठी राब भाजतात, त्यामुळे धुराचं मला अप्रूप नव्हतं. पण आदल्या वर्षी इथली आग बांध ओलांडून शाळेच्या कुंपणापर्यंत गेली आणि मुलांनी लावलेली आवळ्याची रोपं जळाली. त्यातलं एक रोशनीचं होतं. तिने शाळेत विचारलं, जाळल्याने झाडाला काही होतं का? फुलं कमी येतात का? प्रदीप सरांनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, "शोध."

सरांची ही एक खोड होती. कुणी काहीही सांगितलं की ते विचारत, "कशावरून?" आता सगळी शाळा तेच विचारते, आणि गावातल्या बाया वैतागल्या आहेत. रोशनीची मोठी काकू, जिला घरात सगळे मोठीमाय म्हणतात, मला पहिल्याच संध्याकाळी गाऱ्हाणं सांगत होती, "भाजी खारट झाली व म्हटलं, त ही मले म्हनते, कशावरून? आता जिभेवरून नाही त काय कानावरून?" आणि हसता हसता तिने माझ्या ताटातल्या, बेसनाचे गोळे घातलेल्या गोळाभातावर हिंगाचं गरम तेल असं काही ओतलं की मी हात आडवा घालेपर्यंत भात तेलात पोहत होता. तिच्यापुढे ताट धरणं म्हणजे आपलं पोट तिच्या हवाली करणं. मालवणात आम्ही पाहुण्याला आग्रह करतो. मोठीमाय विचारतच नाही.

जेवताना रोशनीने वडिलांसमोर तक्ता धरला. एका झाडाखालचा पाला नेहमीसारखा जाळलेला. दुसऱ्या झाडाखाली काडीही न लावता तिने स्वतः झाडून काढलेलं. दोन्हीखाली जुन्या साड्या अंथरलेल्या, रोज सकाळी पडलेल्या फुलांचं वजन. झाडलेल्या मोहाची फुलं रोज जास्त भरत होती.

"म्हंजे जाळल्यानं कमी होते म्हन्ते तू?" वडिलांनी विचारलं. मितभाषी माणूस. घास चावताना विचार करतोय असं वाटायचं.

"दिसून त तसंच राह्यलं, बाबा."

"यवतमाळले मोठे लोक पाहतीन ना? त्याईले पटलं अन् मले पटलं, त पुढच्या सालापासून आपल्या एकाई झाडाखाली काडी लावत नाही. अन् गावालेई मीच सांगीन."

रोशनीने ओठ दातांत धरला. तिला काय हवं होतं ते तिच्या तोंडावर लख्ख लिहिलेलं होतं. बक्षीस नको होतं. बापाची काडी थांबायला हवी होती.

मी मास्तरीण. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "पण दोनच झाडं? त्यातलं एक मुळातच जास्त फुलणारं असलं तर?" रोशनी म्हणाली, "बाबानं दोनच देल्ले." वडील ताटात बघत म्हणाले, "पोराच्या खेळाले बाकीचे कायले?" ते दुष्टपणाने नव्हे, सरळ हिशेबाने बोलले, पण मला राग आला. तेल प्यायलेला भात मी रागारागाने संपवला.

झाडाखाली

पहाटे प्रयोगातली मुलं आणि मी निघालो. उजेड आहे की नाही हे ठरवता येऊ नये अशी वेळ. निष्पर्ण झाडं, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला फुलांचे घोस. खाली साडी, कधीकाळची आमसुली, आता धुऊन धुऊन पहाटेच्याच रंगाची झालेली. आणि त्यावर ते, टप्, टप्. मी बांधावर बसले आणि किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मधूनच डुलकी लागत असावी, कारण झाडं जवळ आल्यासारखी वाटत आणि पुन्हा आपल्या जागी जात. फुलं रसरशीत, मोत्याहून मोठी, आतून पोकळ. मी एक उचलून तोंडात टाकलं. गोड, आणि शेवटी जिभेवर किंचित उग्र. दुसरं टाकलं. तिसरं, चौथं.

"मॅडम!" रोशनी जवळजवळ ओरडली. "वजन कराचं हाये अजून!"

संशोधन तपासायला आलेली पाहुणी संशोधनच खात होती. बाकीची मुलं तोंडावर हात ठेवून हसली. मी तोंडातलं चौथं फूल गिळावं की परत ठेवावं या विचारात असतानाच ते विरघळलं.

त्या दिवशी वजनं झाली. झाडलेला मोह पुन्हा पुढे. मला खरंच आनंद झाला. आयुष्यभर मुलांना "निष्कर्ष" हा शब्द वहीत लिहायला लावला, पण निष्कर्षासाठी कुणाचा श्वास असा अडकलेला पाहिला नव्हता.

दुसऱ्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा रोशनी साडीपाशी वाकली ती उठेचना.

"मॅडम, इकडं या. इथं ढीग काहून हाये?"

बाकी फुलं इकडे एक, तिकडे एक, पसरलेली. काठाजवळ मात्र ओंजळभर फुलं एकावर एक.

"वाऱ्याने गोळा झाली असतील," मी म्हटलं.

"कशावरून?" ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. पण बरोबरच होतं तिचं. वारा नव्हता. "झाड असं ढीग घालून टाकत नाही, मॅडम. अन् जाळलेल्याखाली ढीग नाही."

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी जरा आधी गेलो आणि पळसाच्या आडोशाला बसलो. पळसाची फुलं बहुतेक गळली होती, उरलेली त्या उजेडात काळी दिसत होती. मग वाटेवरून बाया यायला लागल्या. त्या कधीच वेचून परतत होत्या. डोक्यावर टोपली, पदर खोचलेले, कुणी बोलत नव्हतं. झाडलेला मोह त्यांच्या वाटेवरच आहे. पुढे मोठीमाय होती. साडीजवळ येताच तिने टोपली कमरेवर घेतली, मूठभर फुलं काढली, साडीवर ठेवली आणि चालायला लागली. पाऊलसुद्धा थबकलं नाही. मागची वाकली, तिने ठेवली. तिच्या मागचीने ठेवली. मला ते फार सुंदर वाटलं. देवळापुढून जाताना माणसाचा हात आपोआप छातीशी जातो, तसं होतं ते. मग शेजारी पाहिलं. रोशनीचे डोळे भरले होते आणि ते सुंदर वाटल्यामुळे नव्हते.

नंतर कळलं ते असं. त्या गावात मोह वेचताना एखाद्या लेकराची टोपली दिसली की येणारी-जाणारी बाई तीत मूठ टाकते. लेकराचं टोपलं कमी भरलेलं बघवत नाही, इतकंच. मुलांनी साडी अंथरली आहे म्हणजे ती मुलांची टोपली. मोजण्यासाठी आहे, हे सरांनी सांगितलं होतं, बायांनी ऐकलंही होतं. पण हाताने ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर रोशनीने मोठीमायला विचारलं. आवाज चढवला नाही. "मोठीमाय, तू रोज टाकत होती का?"

"पयल्या दिवसापासून," मोठीमाय कौतुकाने म्हणाली. "तू सोता झाडून काढलं व ते. एवढी मरमर केली पोरीनं, अन् साडीवर चार फुलं? मले नाही बघवलं."

"अन् जाळलेल्याखाली?"

"थे कुठं वाटेवर हाये?"

रोशनी आत निघून गेली. मोठीमाय माझ्याकडे बघत राहिली. "म्या काय वाईट केलं, मॅडम?" तिने वाईट केलं नव्हतं आणि प्रयोग बुडाला होता, दोन्ही खरं होतं.

मूठ

दुपारी शाळेत बैठक. सकाळची शाळा सुटलेली, वर्गात कौलांतून उन्हाचे कवडसे. प्रदीप सर तक्ता हातात घेऊन फळ्याशी उभे. मला मात्र युक्ती सुचली, आणि ती मी अशा थाटात सांगितली की जणू नोबेल घरी आलंच आहे. मोठीमायच्या मुठीत किती फुलं मावतात ते तोलायचं, किती बाया येतात ते पाहायचं आणि तेवढं वजा करायचं.

मोठीमायला बोलावलं. ती पदर सावरून, लग्नाला आल्यासारखी आली. टोपलीभर मोह पुढे ठेवला. "नेहमी टाकते तेवढीच मूठ टाक," रोशनी म्हणाली. मोठीमायने टाकली. तोललं. पुन्हा टाकली. जास्त भरली. पुन्हा. अजून जास्त. चौथ्या वेळेला तर दोन्ही हातांची ओंजळ.

"मोठीमाय, तू वाढवून राह्यली!"

"एवढे पोरं पाहून राह्यले, अन् मी चिमूटभर टाकू? लाज नाही वाटत का मले?"

वर्ग हसून लोटपोट झाला. मीही हसले, माझी युक्ती डोळ्यांदेखत वाहून जात असताना. तोलणार म्हटलं की मूठ मोठी होत होती, आणि न तोलता ती किती होती हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

हसणं ओसरलं. मेळावा तोंडावर आला होता. मोहाचा बहर संपत आलेला, नव्याने मोजायला सकाळीच उरल्या नव्हत्या. मागच्या बाकावरून कुणीतरी हळू म्हणालं, "यवतमाळवाल्याईले कोन सांगते मुठीचं?" सर म्हणाले नाहीत की गप्प बस. त्यांनी रोशनीकडे पाहिलं, फक्त. मला त्यांचा तेव्हा थोडा राग आला, एवढ्याशा पोरीवर एवढं ओझं कशाला म्हणून. आता वाटतं त्यांनी बरोबर केलं.

रोशनी बाहेर जाऊन व्हरांड्याच्या कडेला बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. समोर कुंपणाचे जळके खांब, काही नवे.

"मी सांगतलं नाही, त बाबा जाळनं बंद करन," ती म्हणाली.

"हो."

"अन् सांगतलं, त म्हनन, पोराचा खेळ."

"म्हणतीलही."

तिने पायाच्या अंगठ्याने मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाली, "पन मले तरी कुठं माहीत हाये, मॅडम, जाळल्यानं कमी होते का नाही? मले वाटते, होत असन. माहीत नाही."

संध्याकाळी तिने वडिलांना सगळं सांगितलं. अंगणात उभं राहून, एका दमात. ते बैलाच्या गळ्याची दोरी सोडवत होते. "हूं," एवढंच म्हणाले, आणि बैल पाण्यावर घेऊन गेले. रात्रीच्या भाकरीला तिने हात लावला नाही. मोठीमायने त्या दिवशी कुणाच्या ताटात काही जास्तीचं वाढलं नाही, आणि ते फार वाईट वाटलं.

यवतमाळ

मेळाव्याला जीपमधून गेलो. मुलं, सर, मी, आणि ऐनवेळी चढलेली मोठीमाय. वडील पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. का आले ते त्यांनी सांगितलं नाही. बाजारात काम आहे, असं काहीसं पुटपुटले.

सभागृहात पंखे फार आणि वारा कमी. सौर चुली, पाणी गाळायचे मटके, एक खरोखर बोलणारं यंत्र. आमच्या टेबलावर दोन साड्यांचे तुकडे, वाळलेले मोह आणि तक्ता. तक्त्यावर "निष्कर्ष" लिहिलं होतं आणि त्याखाली जागा कोरी.

परीक्षक बाई चष्मा खाली सरकवून बघत होत्या. रोशनी पाठ केलेली दोन वाक्यं शुद्ध पुस्तकी भाषेत बोलली आणि तिसऱ्याला अडली. मग तिने ओठ सोडला आणि घरच्यासारखं सांगायला लागली. "झाडलेल्या मोहाचे फुलं जास्त भरले. पन ते सगळे झाडाचे नोयते. वाटेनं येनाऱ्या बाया रोज मूठ टाकत होत्या. किती टाकले ते मोजता येत नाही, आमी करून पाह्यलं. म्हून हे आकडे धरता येत नाही."

"मग तुमचा निष्कर्ष काय, बेटा?"

"मले माहीत नाही," रोशनी म्हणाली. हळू, पण ऐकू येईल असं.

"पण बाया फुलं टाकतील कशाला?" परीक्षक बाईंना खरंच कळलं नव्हतं. तेवढ्यात मागून मोठीमाय उभी राहिली. "म्या टाकले, बाई! पोरीचा काई दोष नाही. पोरीचं टोपलं भरलं नाही, त कोन टाकन, कलेक्टर?"

सगळं सभागृह हसलं. परीक्षक बाईही. पण त्या पुन्हा तक्त्याजवळ आल्या, कोऱ्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिल्या, आणि रोशनीला विचारलं, ढीग आहे हे तुझ्या लक्षात कसं आलं? रोशनीने सांगितलं. त्या लिहून घेत होत्या.

पहिला क्रमांक सौर चुलीला गेला. चूल चांगली होती, मी पाहिली. आमचं नाव कशातच आलं नाही. मला वाईट वाटलं, आणि अभिमान इतका वाटला की मी मुलांसाठी उगाच भरमसाट भजी घेतली.

परतताना मारेगावला चहासाठी थांबलो. दिवस मावळत होता. धुळीत रस्त्याकडेचे दिवे पिवळे, अर्धे जागे. मुलं गाडीतच पेंगत होती. रोशनी कपात बघत उभी होती. वडील तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी चहा संपवला, कप ठेवला, तोंड पुसलं. मला वाटलं, आता म्हणणार, पोराचा खेळ.

"पुढच्या साली चारई झाडं घे," ते म्हणाले.

रोशनीने वर पाहिलं.

"मायं ठरलं होतं, यवतमाळवाल्याईले पटलं त आयकाचं. त्याईले काय पटलं मले समजलं नाही. पन तू तिथं उभं राहून, माहीत नाही म्हटलं." त्यांनी ठेवलेला कप उगाच सरळ केला. "दोन जाळतो, दोन ठेवतो. बायाईले मी सांगतो, हात लावू नका म्हून. तू फक्त सांग, कोनते दोन ठेवाचे."

मी रोशनीकडे पाहत होते. तिला कोणती दोन झाडं प्रिय आहेत हे मलासुद्धा आठवडाभरात कळलं होतं. झाडून काढलेलं ते, आणि विहिरीजवळचं, ज्याच्या खालच्या फांदीला तिचा झोका होता. तिने तोंड उघडलं, आणि मग खालचा ओठ दातांत धरला.

"मी नाही सांगत, बाबा," ती म्हणाली. "चिठ्ठ्या टाकू."